वाढत्या मापाचं

झेलममधून तिने दोन पाट्या उतरवल्या भुसावळला,
सोलापुरी चादरीत गुंडाळून.
हमालाने विचारलं, दाराची फळी का व ताई?
फैजपूरपर्यंत त्या काळीपिवळीच्या टपावर आल्या.

मे महिना. दुकानातला पंखा गरमच हवा फिरवत होता.
शेहेचाळीस, मी म्हटलं.
हेमांगी म्हणाली, तिथे शेवटच्या दिवशी उणे चार.
मग आम्ही दोघं जरा गप्प,
त्या पन्नास अंशांच्या मधे कुठेतरी.

एक एकशे चोपन्न, एक एकशे शेहेचाळीस. सेंटिमीटर.
एक ठेवायची,
एक गुलमर्गला परत, रियाझकडे.

तीस वर्षं प्लायवूड विकतोय.
बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं: पॉप्लर.
म्हणजे आतून आपलाच माल.
मोठी तिच्याशेजारी उभी केली, टोक कपाळाला टेकलं.
हीच घे, म्हटलं.

पहिलीचा फ्रॉक मी तिला चौथीपर्यंत पुरवला होता,
बुटात कापूस कोंबून शाळेत पाठवलं होतं.
आमच्या घरात माप कायम पुढल्या सालचं.

ती म्हणाली, आप्पा, मला आता वाढायचं नाहीये.
आणि हे उंचीवर नसतंच. वजनावर असतं.
म्हणून शेजारी झोपेंच्या केळीच्या काट्यावर उभी राहिली,
घडांच्या मधोमध.
त्रेपन्न.
झोपे म्हणाले, दांड्याची कटती धरू का?

दोन स्टुलांवर टोकं ठेवून मी मधोमध दाबलं.
मोठी हललीच नाही, शोकेसच्या फळीसारखी.
लहान वाकली, आणि तळहाताला ढकलत वर आली.
तीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगत आलो,
वाकतं ते घेऊ नका.

तिने मला ती बर्फातली बाग समजावली:
तिथे झाडं नसतात, लोखंडी पाइप असतात, ओंडके, उंचवटे,
त्यांच्यावरून घसरायचं, उडायचं,
कधी पाठमोरं उतरायचं.
चुकलं तर मोठी लक्षात ठेवते, आप्पा.
ही विसरते.

मग त्या उकाड्यात तिने ते जाडजूड बूट चढवले,
पाटीवर आडवी उभी राहिली. घाम हनुवटीवरून फळीवर.
मी गुडघ्यावर बसून टेप लावला:
बुटाचं नाक काठाबाहेर बोटभरही नाही.
जास्त असतं तर वळताना रुततं, म्हणाली, आणि तोंड बर्फात.
हिचं पुढचं टोक कुठलं?
दोन्ही.
मग पुढे कुठला पाय, ते कसं ठरवतात?

ती काही बोलली नाही. माझ्या मागे गेली
आणि ढकललं.

उजवा पडला पुढे, थेट भुशात.
चष्मा छातीवर.
गूफी! ती ओरडली, तुम्ही पण गूफी! माझ्यासारखे उलटे!

सावद्याच्या पाटचारीचा उतार आठवला मला.
केळीचं सोपट निवडायचो आम्ही:
बाहेरचं नको, ते वाळून चिरतं,
गाभ्याजवळचं नको, ते दुमडतं,
तिसरं-चौथं, ओलं, बुडाला बुळबुळीत.
बाकीची पोरं बसून घसरायची. मी उभ्याने.
उजवा पाय पुढे, म्हणून हसायची सगळी,
म्हणून एक दिवस मीही बसलो.
हे मी तिला सांगितलं नाही. भुसा झटकला.

बिलबुकात लिहिलं: १४६, एक नग.
ती जेवायला घरी गेली.

शटर अर्ध्यावर ओढून मी झोपेंच्या काट्यावर चढलो,
कुणी बघत नाहीसं पाहून.
बहात्तर.
इतक्या वजनाला लहान पाटी पुरायची नाही,
एवढं आता कळतं मला.

मोठी अजून चादरीत बांधलेली नाही.
रियाझला उद्या फोन करतो म्हटलंय.